टाळ्या विसाव्या वर्षी, खुर्ची पंचविसाव्या

जपानमधल्या एखाद्या खेड्यातला मुलगा शिक्षणासाठी तोक्योला जातो, आणि त्याच्या नावाचे दोन सरकारी कागद मात्र आईवडिलांच्या घरी येत राहतात. एक येतो विसाव्या वर्षाच्या सुमारास, बहुधा डिसेंबरात: अमुक तारखेला नगर सभागृहात सज्ञान झालेल्यांचा सोहळा आहे, अगत्य यावे. दुसरा येतो निवडणूक लागली की. त्यावर मतदान केंद्राचा पत्ता असतो. दोन्ही कागद निघतात एकाच नोंदीवरून, 'जुमिनह्यो'वरून, म्हणजे कोण कुठे राहतं याच्या सरकारी दाखल्यावरून. पहिल्या कागदासाठी मुलगा तिकीट काढून गावी येतो. दुसरा फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली तसाच राहतो.

जपानच्या आटत चाललेल्या तरुणाईबद्दल जगभर जे लिहिलं जातं, ते जवळजवळ सगळं पहिल्या कागदाभोवती फिरतं. रंगीत किमोनो, रिकामं होत चाललेलं सभागृह, हळहळ. खरी गोम दुसऱ्या कागदात आहे. जपानने तरुणांना जबाबदाऱ्या लवकर दिल्या, कौतुक भरपूर दिलं, आणि निर्णयाची खुर्ची तेवढी लांब ठेवली. तरुण जितके कमी, तितकी ही चूक महाग पडते.

पण सोहळा नेमका काय असतो ते आधी पाहायला हवं, कारण तो उगाच टिकलेला नाही.

जानेवारीचा दुसरा सोमवार. 'सेइजिन नो हि', सज्ञानांचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. मुलींचा दिवस पहाटे चार-पाचला केशरचनेने सुरू होतो. मग 'फुरिसोदे' नेसवायची, म्हणजे अविवाहित मुलींची लांब बाह्यांची किमोनो. बाही साधारण १०० ते ११५ सेंटीमीटर, घोट्यापर्यंत लोंबणारी. नेसवणारी व्यावसायिक बाई आधी कमरेच्या खोलगटात तीन-चार टॉवेल गुंडाळून बसवते. किमोनो सरळ नळकांड्यासारख्या अंगावर शोभते, कमनीय बांध्यावर तिला चुण्या पडतात. मग आतला झगा, मानेमागे मुठीएवढी जागा सोडून गळा, मग मुख्य वस्त्र. डावा पदर नेहमी वर. उलटा घेतला तर ते प्रेताचं नेसणं. लांबी कमरेशी दुमडून दोऱ्यांनी बांधतात आणि वरून ओबी, म्हणजे कमरपट्टा: रुंदी ३० सेंटीमीटरच्या वर, लांबी चार मीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या नऊवारीच्या साधारण निम्मी. मागे तिची गाठ. 'फुकुरा सुझुमे' या जुन्या गाठीचा अर्थ फुगलेली चिमणी. सराईत हाताला सगळं मिळून पाऊण तास लागतो.

बिघडतं ते त्या कमरेच्या दोरीपाशी. ती सैल राहिली तर दुपारपर्यंत घोळ खाली येतो आणि मुलगी स्वतःच्याच वस्त्रावर पाय देते. पोटाच्या वरच्या भागात करकचून बसली तर रिकाम्या पोटी निघालेल्या मुलीला सभागृहातच मळमळायला लागतं. बाही मोटारीच्या दारात अडकते, सरकत्या जिन्यात ओढली जाते. स्वच्छतागृहात जाताना दोन्ही बाह्या गळ्याशी कपडे वाळवायच्या चिमट्यांनी अडकवायच्या, ही युक्ती आई मुलीला आदल्या रात्रीच सांगून ठेवते.

भाडं सहज दोन-तीन लाख येनपर्यंत जातं आणि पसंती दीड-दोन वर्षं आधी करावी लागते. कित्येक मुली आता आईचीच फुरिसोदे वापरतात, फक्त ओबीची दोरी आणि केसांतली फुलं नवी घेतात. मुलांना सूट किंवा 'हाओरी-हाकामा', म्हणजे वरचा सैल झगा आणि खाली घेरदार हाकामा, दहा मिनिटांचं काम. या सगळ्यात किती पैसा आणि किती जीव अडकलेला असतो ते ८ जानेवारी २०१८ ला दिसलं. योकोहामाच्या एका भाड्याच्या किमोनोंच्या कंपनीने ऐन सोहळ्याच्या सकाळी दारं बंद ठेवली. शेकडो मुली भरलेल्या पैशांची पावती घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या.

आत सभागृहात काय होतं? राष्ट्रगीत, महापौरांचं भाषण, पाहुण्यांचे दोन शब्द, नव्या सज्ञानांच्या प्रतिनिधीची शपथ, जुन्या शिक्षकांचे चित्रफितीवरचे निरोप, आणि शाळावार फोटो. तासाभरात आटोपतं. मुलं येतात ती फोटोसाठी आणि संध्याकाळच्या जेवणासाठी. खरं तर हे नववीपर्यंत एका वर्गात बसलेल्यांचं स्नेहसंमेलन आहे. महापौर तिथे जवळजवळ पाहुणे. २००१ मध्ये ताकामात्सुत काही तरुणांनी भाषण करणाऱ्या महापौरांच्या दिशेने पार्टी पॉपर उडवले, कोचीत गोंगाट करणाऱ्यांवर खुद्द राज्यपाल ओरडले, आणि मग 'आजकालची मुलं' यावर वर्षभर अग्रलेख झाले. उरायासु शहराने २००२ पासून सोहळा थेट तोक्यो डिस्नेलँडमध्ये नेला. गोंधळावर तोडगा म्हणून ते ठीकच, पण भाषण कोणी करायचं हा प्रश्न तिथेही मिकी माऊसच्या शेजारी उभाच राहिला.

आणि गंमत अशी की सुरुवात महापौरांनी केलीच नव्हती. जुन्या काळी सामुराई घराण्यात 'गेनपुकु' व्हायचा: बारा ते सोळाच्या दरम्यान मुलाच्या डोक्यावर सज्ञानाची टोपी, बालपणीचं नाव टाकून नवं नाव. मुंजीची आठवण होईल, पण मुंज विद्येच्या दारात उभी करते, गेनपुकु थेट लढाईच्या आणि लग्नाच्या. खेड्यात मुलगा पंधराच्या आसपास तरुणांच्या मंडळात शिरायचा, आणि तिथे अनेक ठिकाणी परीक्षा होती भाताचं पोतं उचलायची. सुमारे साठ किलो. उचललं की पुरुषाची पूर्ण मजुरी. मेइजी सरकारने १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणली तेव्हा विसाव्या वर्षाची शारीरिक तपासणी हाच नवा संस्कार झाला, आणि १८७६ च्या आदेशाने वीस हेच कायदेशीर वय ठरलं.

आजच्या रूपातला सोहळा २२ नोव्हेंबर १९४६ चा. तोक्योला लागून साइतामा प्रांतात वाराबी नावाचं छोटं गाव आहे. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या जेमतेम वर, आजही जपानमधलं सर्वांत लहान शहर. युद्ध हरलेलं, पोटात अन्न नाही, परतलेले तरुण सैरभैर. तिथल्या तरुण मंडळाने शाळेच्या मैदानात तंबू ठोकून 'तरुणांचा उत्सव' भरवला आणि त्याच्या आरंभी वीस वर्षांच्यांचं अभिनंदन केलं. सरकारने कल्पना उचलली, १९४८ च्या कायद्याने १५ जानेवारी सुट्टी झाली, २००० पासून दुसरा सोमवार. मंडळाचा तंबू गेला, नगरपालिकेचं व्यासपीठ आलं.

आता आकडे. वीस वर्षांचे सर्वांत जास्त होते १९७० मध्ये, २४ लाख ६० हजार. ही १९४९ ची पिढी, त्या वर्षी जवळजवळ २७ लाख मुलं जन्मली होती. त्यांच्या मुलांची दुसरी लाट १९९४ मध्ये विसाव्या वर्षी पोहोचली, तेव्हा २० लाख ७० हजार. जानेवारी २०२६ च्या सोहळ्यांना बोलावलेली मुलं २ एप्रिल २००५ ते १ एप्रिल २००६ मधली. शालेय वर्षानुसार तुकडी धरतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेले 'विसाच्या सोहळ्याला' एकोणीसचेच असतात आणि संध्याकाळच्या पार्टीत ओळखपत्र दाखवावं लागल्यावर दारूऐवजी उलाँग चहा पितात. २००५ हे जपानमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाल्याचं युद्धानंतरचं पहिलं वर्ष. जन्म १० लाख ६२ हजार, जननदर १.२६. म्हणजे तेव्हा फोटोसाठी उभे राहिलेले घसरणीच्या पहिल्या पायरीवरचे आहेत. २०२४ मध्ये जन्मले ६ लाख ८६ हजार. त्यांच्या तुकडीच्या सोहळ्यासाठी किती खुर्च्या लागतील याचा अंदाज आताच बांधता येतो.

यात २०२२ चा बदल आला. १ एप्रिलला दिवाणी कायद्यातलं सज्ञानतेचं वय वीसवरून अठरा झालं आणि एका रात्रीत अठरा-एकोणीसचे सुमारे २० लाख जण सज्ञान झाले. मतदान २०१६ पासूनच अठराला होतं. आता घरभाड्याचा करार, कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळं आईवडिलांच्या सहीशिवाय. दारू, सिगारेट, घोड्यांवरच्या पैजा वीसलाच राहिल्या. ऐकायला हक्कच हक्क, पण खतावणी नीट वाचली तर दुसऱ्या बाजूची नोंद मोठी दिसते. अल्पवयीन म्हणून केलेला करार रद्द करण्याचा अधिकार अठराव्या वाढदिवशी संपला. केस काढून देणाऱ्या सलूनचे हप्ते, 'पैसे कमवायला शिका' छापाचे वर्ग, यांचं गिऱ्हाईक तिथेच उभं असतं. प्रौढांच्या चित्रफितींसाठी केलेल्या करारांचा धोका तर इतका उघड होता की त्याच वर्षी जूनमध्ये वेगळा कायदा करावा लागला: करारानंतर महिनाभर चित्रीकरण नाही, चित्रीकरणानंतर चार महिने प्रसिद्धी नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं की अठरा-एकोणीसच्यांची नावं छापता येतात. न्यायाधीशांच्या शेजारी बसणारा नागरिक-न्यायाधीश म्हणूनही त्यांना बोलावता येतं.

सोहळा मात्र बहुतेक नगरपालिकांनी वीसलाच ठेवला आणि नाव बदललं: 'हाताची नो त्सुदोइ', विसाव्या वर्षाचा मेळावा. कारण सरळ आहे. अठराच्या मुलांची विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा जानेवारीच्या मध्यावर असते, सुट्टीच्या सोमवारानंतर बहुधा त्याच आठवड्यात. मग मार्चमध्ये घ्या म्हणावं, तर सरकारी विद्यापीठांच्या दुसऱ्या फेरीचे निकाल २० मार्चनंतर लागतात आणि १ एप्रिलच्या आत खोली शोधून गाव सोडायचं असतं. शिवाय मार्च हा पदवीदान समारंभांचा महिना; नेसवणाऱ्या बायका हाकामा बांधण्यात गुंतलेल्या. सम्राटांच्या घरातही तेच झालं. राजपुत्र हिसाहितो ६ सप्टेंबर २०२४ ला अठरा वर्षांचे झाले, पण शाळेचं शेवटचं वर्ष असल्याने मुकुटाचा विधी बरोबर एक वर्ष पुढे गेला. घराण्यातल्या पुरुषाचा असा विधी याआधी त्यांच्या वडिलांचा, १९८५ मध्ये झाला होता. चाळीस वर्षं त्या घरात या वयाचा मुलगाच नव्हता.

तेव्हा सोहळा अठराला ओढावा, असं मी म्हणत नाही. वीसला ठीक आहे. ज्या गावांना तारीख अडचणीची होती त्यांनी ती कधीच बदलली: नीगाता, आकिताकडच्या बर्फाळ भागात कित्येक गावं मे महिन्यात किंवा ऑगस्टमधल्या ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत कार्यक्रम घेतात, मुली हलक्या पोशाखात येतात, कोणाचं बिघडत नाही. तारखेचा वाद हा सोपा वाद आहे, म्हणून तो सगळे घालतात.

अवघड गोष्ट जुमिनह्योची. गाव सोडल्यावर १४ दिवसांत नव्या पत्त्यावर नोंद करायची असते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा पत्ता म्हणजे वसतिगृहच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच सांगून ठेवलं आहे. तरी असंख्य विद्यार्थी नोंद हलवत नाहीत. कारणं विचाराल तर आळस, 'परत येणारच आहे', आणि एक हमखास: 'नोंद हलवली तर गावच्या सोहळ्याचं बोलावणं येणार नाही.' हा बहुतांशी गैरसमज आहे. अनेक नगरपालिका बाहेर गेलेल्यांना अर्ज केला की आनंदाने घेतात. पण आईला खात्री नसते, आणि फुरिसोदेचे पैसे भरून झालेले असतात.

परिणाम मतपेटीत दिसतो. २०१६ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत अठरा वर्षांच्यांचं मतदान ५१ टक्के झालं, एकोणीसच्यांचं ४२. एका वर्षात मुलं राजकारणाला विटली नाहीत. एका वर्षात त्यांनी घर सोडलं. २०२१ च्या कनिष्ठ सभागृहाला विशीतले ३६ टक्के, साठीतले ७१ टक्के.

बाहेरगावाहून मत देण्याची सोय आहे, ती कशी चालते पाहा. गावच्या निवडणूक कार्यालयाला अर्ज पाठवायचा. तिथून टपालाने मतपत्रिका आणि एक सीलबंद पाकीट येतं. ते पाकीट उत्सुकतेने फोडलंत तर मत बाद. ते न फोडता राहत्या शहराच्या कार्यालयात न्यायचं, अधिकाऱ्यासमोर मत लिहायचं, मग ते टपालाने गावी परत जातं आणि मतदान संपायच्या आत पोहोचावं लागतं. कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत प्रचाराची मुदत किमान १२ दिवसांची, धावपळ केली तर जमतं. गाव किंवा छोट्या नगराच्या निवडणुकीची मुदत पाच दिवस. त्यात २०२१ पासून साध्या टपालाचं शनिवारचं वाटप बंद. ज्या गावाने मुलाला बोलावून फोटो काढला, त्या गावाची शाळा मोडायची की दवाखाना, यावर त्याचं मत वेळेत पोहोचणं जवळजवळ अशक्य.

बरं, मत पोहोचलं तरी द्यायचं कोणाला? २०२३ च्या एकत्रित स्थानिक निवडणुकांत गाव-नगर सभांच्या जवळजवळ ३० टक्के जागा बिनविरोध भरल्या गेल्या. आपल्याकडे बिनविरोध म्हटलं की चावडीवरचा समझोता डोळ्यांपुढे येतो. तिथे अर्थ एवढाच की माणूस मिळत नाही. शिकोकूतल्या सुमारे ४०० वस्तीच्या ओकावा गावाने २०१७ मध्ये सभाच मोडून सगळ्या मतदारांची ग्रामसभा घ्यावी का, यावर गंभीरपणे विचार केला होता. आणि उमेदवारीचं किमान वय? गावची सभा, नगरसभा, महापौर, कनिष्ठ सभागृह: २५. राज्यपाल आणि वरिष्ठ सभागृह: ३०. खुर्ची रिकामी, माणूस दारात, आणि दारावर पाटी: अजून सात वर्षं थांबा.

अनुभव नाही म्हणून थांबा, हा युक्तिवाद मी समजू शकतो, पण तो अर्धाच खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये आशिया नावाच्या जपानी शहराने २६ वर्षांच्या र्‍योसुके ताकाशिमांना महापौर केलं, देशातले आजवरचे सर्वांत तरुण. लोकांना नको असता तर लोकांनी पाडला असता. निवडणूक असते ती त्यासाठीच. कर्जाच्या कराराला, तुरुंगाला आणि दुसऱ्याचा गुन्हा तोलायला अठराव्या वर्षीचं डोकं पुरतं, आणि गावच्या पाणीपट्टीला पुरत नाही, हे कसं? ज्या बेटांवर उच्च माध्यमिक शाळाच नाही, जसं ओकिनावाचं मिनामीदाइतो, तिथली मुलं पंधराव्या वर्षी घर सोडतात. तिथल्या कड्यांमुळे जहाज धक्क्याला लागत नाही. माणसं पिंजऱ्यात बसवून क्रेनने जहाजावर चढवतात. खरा संस्कार तो.

मधला रस्ताही आहे आणि तो चाचपून झालेला आहे. आयची प्रांतातल्या शिनशिरो शहराने २०१५ पासून 'तरुण सभा' चालवली आहे. सोळा ते एकोणतीस वयाची वीसेक मुलं, पाठीशी नगरपालिकेचा अध्यादेश, आणि वर्षाला एक कोटी येनपर्यंतच्या खर्चाचे प्रस्ताव मांडण्याचा अधिकार. त्यांनी ग्रंथालयातल्या फारशा न वापरल्या जाणाऱ्या जागेची अभ्यासिका करून घेतली. मोठी क्रांती नाही. पण सोहळ्याच्या कार्यकारी समित्यांत तरुणांना चित्रफीत आणि भेटवस्तू निवडायला मिळतात, त्यापेक्षा हे वेगळ्या जातीचं काम आहे. पैसा हातात आला की वाद होतात, हिशेब द्यावा लागतो. तीच शिकवणी.

यात आता तिसरा कागदही नीट पाहायला हवा: जो येत नाही. २०१२ पासून परदेशी रहिवाशांची नोंदही जुमिनह्योतच होते, त्यामुळे सोहळ्याचं बोलावणं त्यांच्याही मुलांना जातं. तोक्योच्या शिंजुकु विभागात २०१८ मध्ये नव्या सज्ञानांपैकी निम्म्याच्या जवळपास परदेशी होते. एदोगावा विभागात, निशीकासाइच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तिच्यात मराठी घरंही बरीच. पुण्यात जपानी शिकून तिकडे गेलेल्यांच्या एखाद्या मुलीला विसाव्या वर्षी ते पत्र येईल, ती फुरिसोदे नेसेल, महापौर तिला 'उद्याच्या समाजाची धुरा' वगैरे म्हणतील. मतदानाचं कार्ड तिला येणार नाही, अगदी वॉर्डाच्या निवडणुकीचंसुद्धा, आणि कायम रहिवासाचा परवाना मिळाला तरी नाही. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या सभेवर निवडून आले ते आधी जपानी नागरिकत्व घेऊन. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने तो सौदा साधा नसतो. तरुण कमी पडतात म्हणून बाहेरून आणायचे आणि त्यांनाही टाळ्यांपुरतं बोलवायचं, ही तीच सवय, नव्या माणसांवर.

खुर्ची दिल्याने जननदर वाढेल का? नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पंचविशीतली मुलगी सभेवर आली म्हणून कोणी मूल जन्माला घालत नाही. पण कोणती शाळा राहील, बस किती वाजता सुटेल, प्रसूतिगृह कुठल्या गावात असेल, हे कोणीतरी ठरवत असतंच, आणि आज ते ठरवणाऱ्यांना त्याचे परिणाम सर्वांत कमी काळ भोगायचे आहेत.

करण्यासारखं बरंच साधं आहे. सोहळ्याच्या पत्रावर ठळक छापा: नोंद हलवली तरी जागा राखलेली आहे. उच्च माध्यमिकच्या शेवटच्या मार्चमध्ये नोंद हलवण्याचा अर्ज शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत हातात द्या. गाव-नगर सभांची उमेदवारी आधी अठरावर आणा, बाकीचं मग बोलू. आणि भाषण महापौरांऐवजी मागच्या वर्षीच्या तुकडीला करू द्या, वाराबीच्या तंबूत झालं होतं तसं तरुणांनीच तरुणांसाठी.

२०२४ मध्ये जन्मलेल्या त्या ६ लाख ८६ हजार मुलांना आजच्या कायद्याने मत मिळेल २०४२ मध्ये, सोहळ्याचं पत्र साधारण २०४४ मध्ये, आणि गावच्या सभेला उभं राहता येईल २०४९ मध्ये. एप्रिल २०२४ च्या एका तज्ज्ञगटाच्या अहवालात ७४४ गावं-शहरं पुसली जाण्याच्या धोक्यात धरली आहेत, कारण तिथल्या वीस ते एकोणचाळीस वयाच्या स्त्रिया निम्म्याहून कमी होणार आहेत. त्या अहवालाने हिशेबाला धरलेलं वर्ष २०५० आहे.